सरांचा पाण्याचा खेळ

साकोलीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले त्याला काही वर्षं झाली होती, तेव्हा सरकारी योजनेतून आमच्याकडे दोन कॉम्प्युटर आले. ऐंशीचं दशक अर्धं उलटलं होतं. कॉम्प्युटर म्हणजे नुसता जाड कीबोर्ड. तो रंगीत टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरवरून, कॅसेटमधून आत घ्यायचा. प्रशिक्षणासाठी मला आणि गणिताच्या सरांना नागपूरला पाठवलं. मी शिकून आले ते वर्गापुरतं. सर मात्र त्या यंत्रात रमले.

सर मूळचे करडी गावाकडचे. त्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या धानात रोजीनं राबले होते. घरात पहिले शिकलेले तेच. बोलायचे कमी. मधल्या सुट्टीत चहा प्यायला येत नसत, कॉम्प्युटरच्या खोलीत बसून असत. त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांनी एक खेळ तयार केला.

पडद्यावर वरच्या बाजूला निळी बोडी, म्हणजे आमच्याकडचा गावतलाव. खाली पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची लहान-लहान शेतं. बटणं दाबून बांधीच्या कडेचा मातीचा धुरा फोडायचा, पाणी खालच्या बांधीत सोडायचं, वेळेवर धुरा परत बांधायचा. पाणी पुरलं की बांधी हिरवी व्हायची. उशीर झाला की धुरा वाहून जायचा, आणि पाणी जाताना टीव्हीतून खळखळ आवाज यायचा. तो आवाज त्यांनी कसा बसवला होता कोण जाणे, अगदी खरा वाटायचा. पोरं रांग लावत. सगळ्यात खालच्या बांधीपर्यंत कोणी पोचत नसे. एकतर धुरा फुटायचा, नाहीतर वीज जायची. तिथं पोचल्यावर काय होतं, असं मी एकदा विचारलं. "पोचून पाहा ना, बाई," एवढंच म्हणून सर हसले.

पुढं दोन उन्हाळ्यांत दोन्ही यंत्रं गेली. एक विजेचा दाब वाढून जळलं. त्याच्या सुट्या भागांवर दुसरं काही दिवस चाललं, मग तेही बंद पडलं. त्यांच्या जागी नवा कॉम्प्युटर आला. त्याला स्वतःचा पडदा होता, काळ्यावर हिरवी अक्षरं उमटायची, आणि कॅसेटऐवजी फ्लॉपी लागायची. सर त्याच्यापुढं फार बसले नाहीत. नवं सत्र सुरू झालं तेव्हाच त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते सगळं समजत असल्यासारखं बघायचे, पण तोंडातून शब्द निघत नव्हता.

त्यांची बायको एक दिवस शाळेत आली. दारातच उभी राहिली. डॉक्टरांनी डाव्या हाताला काम द्यायला सांगितलं होतं. सर सारखी खाटेच्या दांडीवर बोटं आपटत होते, भिंतीवरच्या फळीकडं दाखवत होते. आधी तिला वाटलं, पाणी पाहिजे. मग तिनं फळीवरचा टेपरेकॉर्डर पुढं ठेवला, तर त्यांनी त्यावर हात ठेवला आणि काढेचनात.

"तो शाळेतला खेळ मागून राहिले, बाई," ती म्हणाली. "मले तर त्यातलं काही समजत नाही. तुम्ही लावून द्याल का?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

खेळाची कॅसेट शाळेच्या कपाटात सापडली. पण नव्या कॉम्प्युटरला टेपरेकॉर्डर जोडायला जागाच नव्हती. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी ती नागपूरला नेली, आम्हाला शिकवणाऱ्या प्राध्यापकांकडं. त्यांच्याकडं जुनं यंत्र एक शिल्लक होतं. त्यांनी कॅसेट लावली. आवाज कमी केला, वाढवला, टेपच्या हेडचा स्क्रू बारीक पेचकसानं फिरवला. प्रोग्राम थोडा आत आला की अडकायचा. साकोलीच्या उन्हात पत्र्याच्या कपाटात राहून फीत ताणली गेली होती. संध्याकाळपर्यंत खटपट केली तेव्हा निम्मा प्रोग्राम निघाला. तो त्यांनी कागदावर छापून दिला. पुढचं निघणार नाही, म्हणाले. निघालं असतं तरी नव्या यंत्राला त्या रंगांच्या आणि आवाजाच्या आज्ञा समजल्या नसत्या.

बसमध्ये मी ते कागद मांडीवर घेऊन बसले. बोडी, वरच्या बांध्या, पाणी सोडणं, एवढं त्यात होतं. खालचं काहीच नव्हतं.

दिवाळीची सुट्टी मी त्यात घातली. जे कागदावर होतं ते नव्या यंत्राच्या भाषेत बसवलं. उरलेलं आठवून लिहिलं. रंग नव्हतेच, म्हणून पाण्याच्या जागी ठिपके केले आणि धानाच्या जागी उभ्या रेघा. खळखळ करून पाहिली, तर नुसती पीप-पीप वाजली. ती काढून टाकली. खालची बांधी भरली की 'झालं' असं रोमन अक्षरांत यायचं, कारण त्यावर मराठी उमटत नव्हतं.

रविवारी सरांना सायकलरिक्षातून आणलं. शिपायानं आणि मी धरून खुर्चीत बसवलं, त्यांची बायको मागं उभी राहिली. मी खेळ सुरू केला. सरांनी पडद्याकडं बराच वेळ पाहिलं. त्यांना ओळख पटली नाही असं मला वाटलं, म्हणून मी सांगू लागले, ही बोडी, ह्या बांध्या. त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं आणि बटण दाबलं.

ते चांगले खेळले. एकही धुरा फुटू दिला नाही. ठिपके एकेक बांधी भरत खाली गेले, शेवटची भरली, अक्षरं आली. सर तसेच बसून राहिले. पडद्याच्या खालच्या कडेकडं बघत होते. मग माझ्याकडं वळले आणि डावा हात हवेत आडवा फिरवला.

"इथं काही होतं का, सर?" मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी विचारत गेले. पाऊस पडत होता का? नाही. पाखरं यायची? नाही. कापणी? नाही. माणूस कोणी होता? ते थबकले, हो म्हणतात की नाही ते कळेना. तोच हात परत आडवा फिरवला, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांच्या बायकोनंही विचारून पाहिलं. घशातून आवाज काढायचा त्यांनी प्रयत्न केला, आणि मग सोडून दिला. हात मांडीवर ठेवला.

तरी मी पुढच्या रविवारी बोलावलं. मधल्या दिवसांत मोठ्या वर्गांतल्या पोरांना विचारलं होतं. कोणी तिथपर्यंत पोचलं नव्हतं, आणि जे पोचलो म्हणाले त्यांनी प्रत्येकानं वेगळंच सांगितलं. एकाचं ऐकून मी शेवटी एक घर काढलं होतं. सरांनी ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. त्यानंतर रिक्षा पाठवली तरी ते आले नाहीत.

पुढं साकोलीचं भाड्याचं घर सोडून ती दोघं करडीला गेली. होळीच्या आसपास मी भेटायला गेले. सर ओसरीवर बसून डाव्या हातानं जेवत होते. मला पाहून मान हलवली, परत ताटाकडं वळले. मी त्यांच्या बायकोला म्हटलं, नागपूरला आणखी एक माणूस आहे म्हणतात, कॅसेट त्याला दाखवून पाहते.

तिनं सरांकडं पाहिलं, मग मला आत बोलावलं.

"नका आता, बाई," ती हळूच म्हणाली. "शाळेतून आले की दोन-दोन दिवस जेवत नव्हते ते. आता कुठं जेवून राहिले."

मी चहा घेतला आणि चारच्या बसनं परत निघाले.