चालवून दाखव

"चालवून दाखव."

वर्कशॉपच्या आवारात, सगळ्यांदेखत, सर्व्हिस मॅनेजर माझ्या नवऱ्याला असं म्हणाला. अरेतुरे करत. माझे मालक मिलिंद तेव्हा चाळिशीला टेकलेले. मिसरूड फुटल्यापासून दुसऱ्यांचे ट्रक चालवत आलेले. आणि कंपनीचा इस्त्रीचा शर्ट घातलेला तो पोरसवदा माणूस त्यांना म्हणत होता, चालवून दाखव.

मी बाजूलाच उभी होते. नांदेडला बहिणीला भेटायला म्हणून चाकूरहून आमच्याच ट्रकमध्ये बसून आले होते, आता परत निघालो होतो. आमचा ट्रक. नवाकोरा. समोरच्या काचेवर निळ्या अक्षरात 'जय भीम' लिहिलेलं.

तक्रार एकच होती. वळणावर स्टेरिंग मधीच ढिलं पडतंय. हातात काहीच नसल्यागत होतंय. क्षणभरच, पण होतंय. आधीही सांगून झालं होतं. दरवेळी वर्कशॉपवाले ग्रीस मारायचे, गाडी धुवायचे आणि परत द्यायचे.

मालकांनी गाडी आवारात फिरवली. रिकामी गाडी, सपाट फरशी, बैलगाडीची चाल. स्टेरिंग कशाला ढिलं पडतंय? मेकॅनिक बघत होते. वॉचमन बघत होता. दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर बघत होते. शाळेत मास्तरानं पोराला फळ्यापुढं उभं करावं तसं चाललं होतं. ते खाली उतरले.

"बघा," मॅनेजर सगळ्यांना म्हणाला. "गाडीत काही नाही. ड्रायव्हर बदला."

लोक हसले. मग त्यानं हातातल्या कागदावर आमचं आडनाव वाचलं.

"योजनेतली गाडी का?"

"न्हाई साहेब. बँकेचं कर्ज हाय."

"तेच ते. सवय नसते, मग गाडीला नावं ठेवायची."

सवय नसते. कशाची? मालकीची. आमच्या हातात दुसऱ्याच्या गाडीचं स्टेरिंग शोभतं. स्वतःच्या गाडीचं आलं की ते ढिलं पडतं. असंच म्हणायचं होतं त्याला. मला समजलं. मालकांनाही समजलं. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडं बघितलं. नको, असं बघितलं. आम्ही गाडीत बसलो.

त्यांनी लोहा मागं टाकलं. मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले,

"मला खरंच येत न्हाई का गं?"

ज्या माणसानं आंध्रापासून गुजरातपर्यंत माल पोचवला, कुणाच्या कोंबडीलासुद्धा धक्का लावला नाही, तो माणूस बायकोला हे विचारत होता. मी म्हणलं, "तुम्हाला न्हाई येत तर कुणाला येतंय?" ते हसले नाहीत.

त्या दिवसापासून त्यांनी तक्रार बंद केली. स्टेरिंग दोन्ही हातांनी आवळून धरायचे. घरी आले की तळवे लाल झालेले, खांदे भरून आलेले. मी तेल चोळायची. "लई जड चालतीया का?" विचारलं तर म्हणायचे, "न्हाई. माझ्यातच कायतरी कमी हाय."

सोयाबीनचा माल घेऊन नांदेडला निघाले होते. भरदिवसा. लोह्याच्या अलीकडच्या वळणावर गाडी वळली नाही. सरळ रस्ता सोडून लिंबाच्या झाडावर गेली. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बाया पळत आल्या. त्यातली एक म्हातारी नंतर मला म्हणाली, "माय, त्यो चाक फिरवत व्हता गं. गरागरा फिरवत व्हता. गाडी ऐकतच नव्हती. आमाला बगून वरडला, सरका, सरका."

शेवटचा शब्द 'सरका'. दुसऱ्यांसाठी.

पंचनाम्यात मात्र लिहिलं गेलं: चालकाच्या हयगयीमुळे. गावात त्याला पाय फुटले. पेंगला असंल. मग, पिला असंल. मालकांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. शवविच्छेदनाच्या अहवालातही दारू नव्हती. पण अहवाल कोण वाचतो? माझी लेक सहावीत. शाळेतून आली आणि दप्तरासकट भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "आई, पप्पा पिऊन मेले का गं?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. चितेपाशी रडले नव्हते तशी.

पुण्यानुमोदनाच्या विधीला लातूरहून गफूरभाई आले. मालकांचे जुने सोबती, एका मोठ्या शेटकडं ड्रायव्हर. त्या शेटच्या गाड्याही आमच्याच मॉडेलच्या, आमच्याच शोरूममधून घेतलेल्या. पंगत उठल्यावर ते माझ्यापाशी आले.

"वहिनी, एक विचारू? तुमची गाडी बोलावली नव्हती का कंपनीनं?"

"कशाला?"

"आमच्या शेटच्या समद्या गाड्या बोलावल्या. स्टेरिंगचा जॉइंट खराब निघाला म्हणं त्या मॉडेलचा. फुकटात बदलून दिला. फोन करकरून बोलावलं. रिकॉल म्हणत्यात त्याला."

"कधी?"

त्यांनी सांगितलं. मी मनात मागं गेले. त्याच दिवसांत आम्ही त्या आवारात उभे होतो. त्याच वर्कशॉपमध्ये शेटच्या गाड्यांचे जॉइंट बदलत होते. आणि माझ्या माणसाला म्हणत होते, चालवून दाखव.

गफूरभाई डोळे पुसत म्हणाले, "या अल्ला, मला वाटलं तुमची बी झाली असंल." त्यांचा काय दोष? मी त्यांचा हात धरला. मला रडू येत नव्हतं.

मी बहिणीला घेऊन शोरूमला गेले. तोच मॅनेजर. या वेळी "ताई" म्हणाला. खुर्ची दिली. थंड पाणी मागवलं. माणूस मेल्यावर आम्हाला खुर्ची मिळाली.

"रिकॉल होता, हे खरं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला फोन केला असेल. लागला नसेल."

"गाडी तर तुमच्या दारात उभी होती. फोन कशाला लागतोय?"

तो कागद चाळायला लागला. मग एक छापील कागद पुढं सरकवला. गाडीबद्दल कुठलीही तक्रार नाही, असं त्यावर होतं. "इथं सही करा. विम्याचं काम आम्ही लवकर करून देतो. भांडून काय मिळणार ताई? केस करायला पुण्या-मुंबईच्या कोर्टात चकरा माराव्या लागतील. तुम्हाला झेपणार आहे का?"

झेपणार आहे का. येतंय का. सवय आहे का. यांचे प्रश्न कधी संपतात?

पेन त्यानं उघडून माझ्या हातात दिलं होतं. मी ते टेबलावर ठेवलं.

"मी सही करणार न्हाई."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. आजूबाजूचे लोक बघायला लागले. बघू दे. त्या दिवशी आवारात मी गप्प बसले होते, कारण माझ्या माणसानं नको म्हणलं होतं. आता नको म्हणायला तो नव्हता.

लातूरला एका वकीलबाईंकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी एकच विचारलं, "गाडी कुठंय?" विम्याचा माणूस ती भंगारात काढा म्हणून मागं लागला होता. "अजिबात देऊ नका," त्या म्हणाल्या. "गाडीच तुमची साक्षीदार आहे." मग समजावलं. पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. नवरा वारला तरी त्याच्या वारसांना करता येते. तुटलेला जॉइंट तपासणीला पाठवा, असा अर्ज करता येतो. हे एवढं साधं आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

पोलीस ठाण्यातून सोडवून आणलेला गाडीचा तो चेंदामेंदा आता आमच्या भावकीच्या रानात ताडपत्रीखाली उभा आहे. सासरे दिवसभर तिथं बसून असतात. भंगारवाले दोनदा आले. सासऱ्यांनी काठी उचलली.

आयोगात कंपनीचा वकील उभा राहिला. म्हणाला, ट्रक धंद्यासाठी घेतला होता, त्यामुळं हे कायद्यानं ग्राहकच होत नाहीत. आमच्या वकीलबाई म्हणाल्या, स्वतः चालवून पोट भरायला घेतलेली गाडी धंद्याची धरत नाहीत, हेही कायद्यातच आहे. मला बोलायची परवानगी मिळाली. मी म्हणलं, "साहेब, आमच्याकडं दुसरा ड्रायव्हर नव्हता. दुसरी गाडी नव्हती. तेच चालवत होते, तेच मेले." खाली बसले तेव्हा पदर घामानं भिजला होता.

परवा कंपनीकडून निरोप आला. तडजोड करू. रक्कम देऊ. अट एकच: चूक आमची, असं कुठं लिहायचं नाही आणि तुम्ही बाहेर कुठं बोलायचं नाही.

सासरे म्हणाले, "घे माय. पोरगी शिकंल. त्यो तर काय परत येत न्हाई."

ते बाप आहेत. त्यांना मी काय म्हणणार? रात रात कण्हतात ते.

पण मी नाही म्हणून कळवलं. निलंग्याला, उदगीरला, जिथं ट्रक थांबतात तिथं मी जाते. त्या मॉडेलची गाडी दिसली की ड्रायव्हरला सांगते, चासी नंबर देऊन शोरूमला विचार, उत्तर लेखी माग. काही जण हसतात. काही जण नंबर बघायला लगेच खाली वाकतात. हे मी बंद करणार नाही.

माणूस परत येणार नाही, हे मला कुणी समजावू नये. घरात त्यांचं ताट वाढायला हात जातो, तेव्हा मला ते कळतं. मला निकालात एक वाक्य पाहिजे. चूक गाडीची होती, मिलिंदची नव्हती. सरकारी शिक्क्यासह, माझ्या लेकीला वाचता येईल अशा मराठीत. लातूरला मिळालं नाही तर मुंबईच्या आयोगात मागीन. तिथं नाही मिळालं तर दिल्लीला जाईन. झेपणार नाही कदाचित. तरी जाईन.