लसूणघासाच्या शेतातली वाट

बर्फ वितळायला लागला की लोकांना आनंद होतो म्हणे. मला होत नाही. मिनेसोटाच्या उत्तरेला, कागदाच्या गिरणीच्या एका लहानशा गावात आम्ही ऐंशीच्या दशकातली बरीच वर्षं काढली. तिथला मार्चअखेरचा तो राखाडी, भोकाभोकांचा, खाली पाणी धरून बसलेला बर्फ आठवला की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. बर्फाचं काही चुकलं नव्हतं, त्यानं आपलं काम केलं. माणसांनी काय केलं ते सांगते.

आमचे हे गिरणीत इंजिनिअर. गावात दुसरं भारतीय घर नव्हतं. पहिल्या हिवाळ्यात मी इतकी रडले की ह्यांनी एक जुनी स्नोमोबाइल विकत आणली. बर्फावरची मोटारसायकलच म्हणा ना, पुढे दोन स्कीज आणि मागे रबरी पट्टा. 'तुझं मन रमेल' म्हणाले, पण रमलं ह्यांचंच. पुढे ह्यांनी नवी घेतली आणि जुनी माझ्या वाट्याला आली. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायला लागली. मी अमरावतीच्या उन्हात वाढलेली बाई, पण त्या गप्प झाडांमधून जाताना मोठमोठ्यानं गाणी म्हणायची. इंजिनच्या आवाजात कुणाला काय ऐकू जातंय.

ज्या वाटांवरून आम्ही फिरायचो त्या सरकारी नव्हत्या. गावातला स्नोमोबाइल क्लब त्या राखायचा. संध्याकाळी गिरणीतून सुटलेले लोकच पाळीपाळीनं यंत्र फिरवून बर्फ सपाट करायचे. यातली निम्मीअधिक वाट शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीतून जायची. त्याला कागद नाही, सही नाही. पानगळ सुरू झाली की शेतकऱ्याच्या दारी जायचं आणि विचारायचं. हो म्हणाला तर वाट, नाही म्हणाला तर हायवेच्या कडेच्या खड्ड्यातून ट्रकांचे दिवे चुकवत जायचं.

गाव आणि तळं यांच्या मधोमध एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं लसूणघासाचं शेत होतं. उन्हाळाभर घास कापायचा आणि गाईंना घालायचा. तो क्लबला कायम नाही म्हणत आलेला. हे क्लबात नवे होते. उत्साहाच्या भरात म्हणाले, मी विचारतो. सगळे हसले. हे गेले, आणि दारात सवयीनं बूट काढून मोज्यांवर आत गेले. आजवर क्लबचे लोक चिखलाच्या बुटांनी उंबऱ्याबाहेरच उभे राहून बोलायचे. घरासमोर बूट काढून ठेवणारा माणूस त्याच्या म्हातारीनं पहिल्यांदाच पाहिला. तिनं ह्यांना बसवून कॉफी पाजली. म्हातारा म्हणाला, "क्लबला देत नाही, तुझ्या शब्दावर देतो. बर्फ पातळ झाला की बंद. माझा घास मेला तर गाई तुझ्या दारात आणून बांधीन."

त्या दिवसापासून गावात ह्यांना भाव आला. क्लबचे लोक बारमध्ये ह्यांच्यासाठी खुर्ची राखून ठेवायचे. ह्यांच्या नावाची त्यांनी दोनच अक्षरं ठेवली होती, आणि आडनाव तर कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी त्यांना त्यातून काय कळणार होतं? ते सुख काय असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

कारण मिनिआपोलिसला मराठी मंडळाच्या दिवाळीला आम्ही इतक्या लांबून गाडी हाकत जायचो, तिथे पहिला प्रश्न आडनावाचा असायचा. दुसरा, "म्हणजे मूळचे कुठले?" उत्तर ऐकून समोरचा एक क्षणभर थांबायचा, आणि मग जरा जास्तच गोड हसायचा. आम्ही बौद्ध. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि आम्ही कधी लपवलंही नाही. कुणी वाकडं बोलत नसे. शिकलेली माणसं ना सगळी. फक्त ह्यांनी नाटकात काम करतो म्हटलं की, "अरे वा, बघू हं," आणि मग, "तेवढं खुर्च्यांचं बघता का?" दरवर्षी खुर्च्या. मी म्हणायचे, कशाला जायचं? हे म्हणायचे, आपली भाषा ऐकायला मिळते गं.

एका वर्षी मार्च संपत आला असताना फोन आला. मिनिआपोलिसच्या ईडन प्रेरी उपनगरातले, मंडळातले वजनदार गृहस्थ. मुलांना सुट्टी आहे, तुमच्याकडे ते स्नोमोबाइल असतं ना, मुलं मागे लागलीत, विकेंडला येऊ का? आमच्या घरी मंडळातलं कुणी आजवर आलं नव्हतं. हे हुरळूनच गेले. फोनवरच, "या ना, या ना, विचारताय काय!" मी समोरून हातानं नाही नाही करतेय, पण माझ्याकडे बघायला कुणाला वेळ होता?

नाही म्हणण्यासारखंच होतं. चार दिवस ऊन पडलं होतं. झाडांच्या सावलीत बर्फ टिकून होता, पण उघड्यावरचा पार गेला होता. शेतात उरला होता तो फक्त आमच्या वाटेचा दाबून घट्ट झालेला पांढरा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना ओली काळी जमीन. क्लबनं हंगाम संपल्याचं जाहीर केलं होतं. त्या शेताच्या तोंडाशी 'बंद'ची पाटी ह्यांनीच लावली होती. नुसती पाटी नाही, दोन खांबांना आडवी पिवळी दोरीही बांधली होती, स्वतःच्या हातानं.

शुक्रवारी पाहुणे आले. गृहस्थ, त्यांची बायको आणि दोन मुलं. मी सकाळपासून राबून वडाभात आणि भरली वांगी केली होती. बाईंनी हॉलभर नजर फिरवली. देव्हारा शोधत असाव्यात. कपाटावर बुद्धाची मूर्ती दिसली तेव्हा म्हणाल्या, "शोपीस किती छान आहे. कुठून घेतलंत?"

"नागपूरहून," मी म्हटलं.

पानं वाढली तर बाई म्हणतात, "अय्या, माझा आज उपास आहे." त्यांची धाकटी लगेच म्हणाली, "बट मॉम, वी जस्ट हॅड पिझ्झा." बाईंनी तिला डोळ्यांनी गप्प केलं. रात्री मी चडफडत होते तर हे म्हणाले, "जाऊ दे गं. आलेत ना आपल्या घरी."

सकाळी ह्यांनी पाहुण्यांना सांगितलं, तेवढं श्रेय देते मी. ट्रेल बंद आहे म्हणाले, घराच्या मागच्या झाडीतच दोन चकरा मारू. गृहस्थ पोहे खात होते. म्हणाले, "बंद म्हणजे काय हो, कुलूप थोडंच लावलंय? मुलांना तळं बघायचंय." आणि मग पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सहज म्हणावं तसं, "बाय द वे, पुढच्या वर्षी कार्यकारिणीत तुमचं नाव घालायचं म्हणतोय मी. किती दिवस खुर्च्या उचलणार?"

ह्यांचा चेहरा मी पाहिला. तिथेच समजले की दोरी सुटली. मी स्वयंपाकघरातून तशीच बाहेर आले आणि स्पष्ट म्हटलं, "शेतात बर्फ राहिलेला नाही. शेतकऱ्याला ह्यांनी शब्द दिलाय."

"वहिनी फार घाबरतात," गृहस्थ हसत म्हणाले. हे माझ्याकडे न बघताच बूट घालायला लागले.

ह्यांनी धाकटीला आपल्या मागे बसवलं. गृहस्थांनी माझी जुनी घेतली, मागे त्यांचा मुलगा. बाई आणि मी घरात. बाईंनी आमच्या घराची किंमत विचारली, मग ह्यांचं शिक्षण कुठे झालं ते विचारलं, मग स्कॉलरशिप होती का ते विचारलं. मी म्हटलं, "होती. मार्क होते ना." चहा पुन्हा विचारला नाही मी.

दुपार व्हायच्या आत मंडळी परतली. गळ्यापर्यंत चिखल, पोरं खिदळतायत. माझ्या मशीनला जळक्या प्लॅस्टिकचा वास मारत होता. तिला खाली बर्फ लागतो, नाही तर ती तापते, हे काय कुणी सांगायला हवं? गृहस्थ जेवता जेवता रंगवून सांगत होते. पांढऱ्या पट्ट्यावरून गाडी घसरली, मग म्हटलं थांबायचं कशाला, दिला गॅस, चांगले मोठे गोल गोल मारले, चिखलाचं कारंजं उडत होतं. "शेत रिकामंच होतं हो. नुसतं गवत."

हे जेवत नव्हते. "मी ओरडत होतो," एवढंच म्हणाले, "ऐकू गेलं नसेल." तेही असं, जणू ह्यांचाच आवाज कमी पडला.

मुलांचा होमवर्क आहे म्हणून रविवारऐवजी शनिवारीच मंडळी निघाली. लिंबाच्या लोणच्याची बरणी मात्र बाईंनी मागून घेतली. लोणच्याला उपास आड आला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेताकडे गेलो. रस्त्यावरूनच दिसत होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिखलाचे गोल, एकात एक. मशीनच्या रबरी पट्ट्यानं जमीन खरवडून काढली होती आणि घासाची मुळं वर येऊन पडली होती. नुकता फुटू लागलेला एखादा हिरवा कोंब मध्येच दिसायचा. लसूणघास एकदा लावला की वर्षानुवर्षं येतो, दर वर्षी पेरायचा नसतो. तेवढ्या तुकड्यावर तो पुन्हा आपला आपण येणार नाही हे मला शेतीतलं काही कळत नसतानाही कळलं.

हे म्हाताऱ्याच्या घरी गेले. मी गाडीत बसून होते, काच खाली करून. ह्यांनी दार वाजवलं आणि दार उघडायच्या आत सवयीनं बूट काढले. पायरीवर वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलं होतं. हे त्यात मोज्यांवर उभे. म्हातारा दारात आला, पण बाजूला झाला नाही. ह्यांनी सगळं सांगितलं. पाहुण्यांनी केलं असं म्हणाले नाहीत, आम्ही केलं म्हणाले. नुकसान भरून देतो म्हणाले. म्हातारा ह्यांच्या पायांकडे बघत होता.

"तू गोल मारले नाहीस, मी खिडकीतून बघितलं," तो म्हणाला. "पण दोरी तू सोडलीस, तेही बघितलं."

मग म्हणाला, "बूट घाल." आणि दार लावून घेतलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आमच्या दारात खरंच गाई आणून बांधल्या असत्या तरी चाललं असतं.

क्लबातही कुणी शब्दानं बोललं नाही. त्या लोकांची तशी रीतच नाही. पुढच्या पानगळीत म्हाताऱ्यानं वाट दिली नाही, आणि पुन्हा सगळे हायवेच्या कडेनं जायला लागले. बर्फ सपाट करायच्या पाळीत ह्यांचं नाव आलं नाही. बारमध्ये हे गेले तर लोक सरकून जागा करून द्यायचे, पण राखून ठेवलेली खुर्ची काही नव्हती. हे दोनदा गेले, मग जायचे थांबले. नवी मशीन विकून टाकली. माझी जुनी तर त्या दिवशी तापली ती पुन्हा धड चाललीच नाही.

दिवाळीला हे इस्त्रीचा कोट घालून मंडळात गेले. कार्यकारिणीची नावं स्टेजवरून वाचली. ह्यांचं नव्हतं. मी मुद्दाम ह्यांच्याकडे बघितलं नाही. कार्यक्रमानंतर ते गृहस्थ घोळक्यात उभे राहून आमच्याकडची गोष्ट सांगत होते, चिखलाचं कारंजं, पोरांची धमाल, सगळं. लोक पोट धरून हसत होते. ह्यांना बघून त्यांनी खांद्यावर हात टाकला. "हे आमचे नॉर्थचे होस्ट! काय मजा आणली होती ह्यांनी." आणि मग हळूच, "जाता जाता तेवढ्या खुर्च्यांचं बघाल ना?"

ह्यांनी बघितलं. कोट काढून ठेवला आणि खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या. मी बाहेर गाडीत जाऊन बसले.

जानेवारीत फोन आला. मी घेतला. हे टेबलाशी पेपर वाचत होते.

"काय वहिनी, स्नो कसा आहे यंदा? मुलं विचारतायत."

"स्नो भरपूर आहे," मी म्हटलं. "ट्रेल बंद आहे."

"म्हणजे मागच्या वेळसारखाच ना," ते हसले. "मग काय प्रॉब्लेम आहे?"

"नाही, कायमचा बंद. तुम्ही त्या माणसाचं शेत नासवून गेलात, त्या दिवसापासून. आणि आमच्या घरची मशीनही गेली. तेव्हा मुलांना सांगा, आता इथे बघण्यासारखं काही नाही."

मग, "बरं, बरं, असू दे," म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. वाटलं, हे आता मान वर करतील, निदान हसतील तरी.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. "असं तोंडावर बोलायला नको होतंस," म्हणाले. "दुखावले असतील. आता परत येणार नाहीत ते."

त्या पायरीवरच्या पाण्यात मोजे भिजवत उभ्या राहिलेल्या माणसाला त्या पाहुण्यांचीच काळजी होती. मला त्या गृहस्थांचा कधी आला नव्हता एवढा ह्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.