शेवटचा काळा परकर

गठरीमावशी गाठोडं सोडण्याआधीच पैसे कुठे जाणार ते सांगून टाकायची. "हे ख्रिस्ती मिशनच्या कामाला जातात हं वहिनी, परदेशात. मागाहून म्हणाल, बाईनं फसवलं." अशानं कधी धंदा होतो का? पण नाही! लपवून विकलेलं देवाच्या कामी येत नाही, हे तिचं ठरलेलं उत्तर.

आम्ही काशीतल्या दुर्गाघाटावरची मराठी पोरं निम्मी हिंदीच बोलायचो, गाठोड्याला गठरी म्हणायचो, म्हणून तिचं नाव पडलं गठरीमावशी. माहेर नगरकडचं. नवरा रेल्वेत गार्ड होता. तो गेल्यावर ती कॅन्टोन्मेंटकडे शिलाई मशीन आणि एकुलती एक मुलगी घेऊन राहायची. मुलगी सुनंदा, नर्स. तिला आफ्रिकेतल्या मिशनच्या दवाखान्यात जायचं होतं. बोटीचं भाडं चर्चच्या बायका कपडे विकून जमवत होत्या. संक्रांतीपर्यंत जमलं नाही, तर तिच्या जागी दुसरी कुणी जाणार होती.

आणि त्याच वर्षी मावशीनं घोळ घातला. चर्चच्या सेलसाठी काळ्या कापडाचा अख्खा तागा आणून तिनं पोरींचे परकर शिवले. संक्रांतीला काळं खपणारच! इतकी वर्षं काशीत काढली, पण डोक्यातलं पंचांग नगरचंच. इथे संक्रांतीला म्हणतात खिचडी, आणि सणाला काळं कुणी अंगाला लावत नाही. सेलला आलेल्या बायका लांबूनच म्हणाल्या, "त्योहार पर काला? ना बाबा ना!" सगळे परकर जसेच्या तसे परत.

दुसरी कुणी कपाळाला हात लावून बसली असती. ही गाठोडं घेऊन आमच्या गल्लीत हजर. "काळ्याची किंमत कळणारी माणसं इथेच," म्हणाली. माझी आई भिक्षुकाची बायको. तिनं दारातच विचारलं, "म्हणजे लोकांना बाटवायला पैसे?"

मावशी जराही चिडली नाही. "पोरगी बाळंतपणं करायला चाललीय, वहिनी. येशूचं नाव घेईल, ते मी कशाला लपवू? पटलं तर परकर घ्या, नाही पटलं तर निदान चहा पाजा. तुमच्या घाटाच्या पायऱ्यांनी जीव घेतला माझा."

आईला हसू फुटलं. चहा झाला, पडवीत, वेगळ्या कपात. पण दुसऱ्या दिवसापासून आईच तिला शेजारणींकडे घेऊन फिरली. मला आई तेव्हा फारच आवडली.

विकताना मावशी भारी रंगायची. "घेर बघा की! लेक वाढली तरी पुरेल." बघता बघता गाठोडं रिकामं झालं. शेवटचा परकर माझ्या मापाचा होता. आईनं पैसे दिले, मावशीनं घेतले, पण परकर काही ती सोडेना. मांडीवर ठेवून नुसती हात फिरवत राहिली. हा दिला की भाडं पुरं, आणि सुनंदा जाणार. मुलीला लांब धाडायला एवढी वणवण केली, आणि आता ऐन वेळी तिलाच ते जड जात होतं.

"राहू द्या, उद्या घेते," आई हळूच म्हणाली.

"नको वहिनी, आजच घ्या. उद्या माझा हात सुटायचा नाही."

आईनं परकर घेतला आणि तिचा रिकामा हात आपल्या हातात धरला. चूल खोळंबली होती, तरी उठली नाही. "जाऊ द्या तिला," आई म्हणाली, "तिकडे कुणाची तरी लेक सुखरूप सुटेल."

मावशीनं डोळे पुसले, आणि मला तो परकर स्वतःच्या हातानं नेसवूनच ती उठली.