अप्पा आत, आम्ही बाहेर

आमच्या नव्या गाडीला किल्ली नाही. मोबाइल हीच किल्ली! गल्लीत हे सगळ्यांना सांगून झालं होतं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर मी रोजच सांगायचो.

अप्पांची जुनी मोटार माझ्याहून वयानं मोठी. ती गुलमंडीच्या बाजारात शिरली की दुकानदार गिऱ्हाईक सोडून बाहेर डोकावतात, एवढा आवाज!

"माझ्या गाडीच्या काचा लावल्या की बाहेरचं काही ऐकूच येत नाही, अप्पा."

"मग मागून कुणी बोंबललं तर?"

त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला वेरूळला अभिषेक ठरला. मी हट्टानं नवीच गाडी काढली. दौलताबादच्या पुढं पेरू दिसले, म्हणून मी, आई आणि बायको उतरलो. अप्पा पुढच्या सीटवर बसून राहिले. माझा मोबाइलही तिथंच राहिला. दार लागलं आणि 'टुक' असा गोड आवाज आला. कुलूप!

"अप्पा, दार उघडा!" मी ओरडलो. अप्पा हसून मान डोलवत होते. (काचा खरंच चांगल्या आहेत!)

शेवटी त्यांना परिस्थिती कळली. जुन्या मोटारीच्या सवयीनं त्यांनी गुडघ्याजवळ काच खाली करायचं हँडल चाचपलं. तिथं काहीच नव्हतं. मग समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. रणरणत्या उन्हात वायपर फिरायला लागले. मग दिवे लुकलुकले. मग सीट हळूहळू मागं गेली आणि अप्पा दिसेनासे झाले!

"अरे, ते आडवे का झाले?" आई काचेला नाक लावून आत बघायला लागली.

"मामाला चक्कर आली काय वो?" पेरूवाल्या मावशी धावल्या.

एक ट्रकवाला दगड घेऊनच आला. "काच फोडू का, साहेब?"

मला आधी नव्या काचेची किंमत आठवली. बाप आत अडकलाय आणि मी काचेचा विचार करतोय! माझी मलाच लाज वाटली. "फोडा," मी म्हणालो.

"थांबा वो!" आईनं दोघांनाही बाजूला सारलं. काचेवर टकटक केलं. अप्पांचं डोकं वर आलं. तिनं दाराच्या आतल्या कडीकडं बोट दाखवलं, हवेत काहीतरी ओढलं आणि दोन बोटं नाचवली. अप्पांनी मान हलवली. खट, खट. दार उघडलं!

"आई, तुला कसं माहीत?"

"तूच तर रोज सांगतोस, आतून कडी दोनदा ओढायची म्हणून."

"आणि अप्पांना तुझ्या खुणा कळल्या?"

"त्यांच्या गाडीत कधी काही ऐकू आलंय का? लग्नापासून आम्ही हातानंच बोलतो."

अप्पा आतूनच म्हणाले, "दार लावा रे, गारवा चाललाय!"

अभिषेक वेळेत झाला. परतताना अप्पा मागं आईशेजारी बसले. गाडीत एवढी शांतता, की मी दोनदा आरशात पाहिलं. दोघांचे हात भराभर चालले होते आणि आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला त्यातली एकच खूण कळली. अप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि कपाळाला हात लावला!