पुण्यानं फुगलेली शेळी

शेळीचं पोट डाव्या अंगाला नगाऱ्यासारखं फुगलं होतं. तिला छातीशी धरून दवाखान्याच्या दारात पद्माक्का उभ्या. मी शेळी सोडून त्यांच्याकडेच बघत राहिलो. ही बाई कित्येक वर्षांत घराबाहेर पडलेली कुणी पाहिली नव्हती.

इंग्रजांच्या अमदानीत मी निपाणीच्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. पद्माक्का आमच्या शेजारच्या तंबाखू वखारवाल्या आप्पाची थोरली बहीण. माणसांचे डॉक्टर त्यांच्या दुखण्याला मेलँकोलिया म्हणत. म्हणजे ताप नाही, गाठ नाही, पण मनच उठत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. आप्पानं कसायाकडून एक करडू सोडवून आणलं, ते त्यांच्याच हातून दूध प्यायला लागलं. तीच ही चंपी. तिच्यासाठी तेवढ्या उठायच्या.

"काय खाल्लं हिनं?" मी विचारलं.

मागून धापा टाकत आलेला आप्पा म्हणाला, "आम्हा जैनांचं पर्युषण हाय न्हवं. पर्वात हिरवी भाजी आम्ही खात न्हाय. मळ्यातनं आलेली सगळी भाजी गल्लीनं हिला घातली. पुण्य लागतंय म्हणून."

आता बोला! अख्ख्या गल्लीचं पुण्य एकट्या शेळीच्या पोटात. कोवळा पाला पोटात आंबतो, वायू साठतो, जनावर गुदमरून मरतं.

तेल पाजलं, पोट चोळलं. उतार पडेना. मग ट्रोकार काढला. नळीत बसवलेला जाड दाभणच तो. पोटात खुपसायचा, दाभण ओढून घ्यायचा, नळीतनं वायू निघतो.

आप्पा आडवा आला. "डॉक्टर, पर्वात रगत नको. कानात णमोकार मंत्र म्हणतो. शांत जाऊ दे तिला."

"आप्पा, सरक बाजूला," पद्माक्का म्हणाल्या. "हिनं मला उठवलंय. हिला मी अशी जाऊ द्यायची न्हाय. डॉक्टर, खुपसा तुम्ही. मी धरते."

त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी चंपीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

खुपसला. फुस्स करून वारा सुटला, दवाखानाभर घाण वास. पोट बसलं. घटकाभरानं चंपी माझ्या कोटाची बाही चघळायला लागली, तशा आक्का खळखळून हसल्या. बहिणीला हसताना बघून आप्पा मात्र ढसाढसा रडला. मलाही लई आनंद झाला.

आक्का पार बऱ्या झाल्या असं नाही. पडून राहायचे दिवस पुढंही आले. पण चंपीची जखम दाखवायला त्या रोज भर बाजारातनं एकट्या चालत आल्या. आणि गल्लीतल्या बायका पाला घेऊन आल्या की आक्का काठी घेऊन दारात उभ्या राहायच्या. "आज एकच घर. बाकीच्यांनी उद्या या."

पुण्य करावं, पण समोरच्याचं पोट बघून करावं.