हवेचं भाडं

फोर्ट वेन शहराच्या मालधक्क्यावर व्हर्ना स्प्रंगर दिसली की ट्रकवाले कुजबुजत, "आली मोजपट्टीबाई!" तिचं कामच तसं होतं. आलेला माल मोजायचा, वजन बघायचं आणि भाड्याचा वर्ग ठरवायचा. माल जड आणि आटोपशीर असला तर वर्ग खालचा, भाडं कमी. हलका आणि जागा अडवणारा असला तर वर्ग वर चढायचा. पाठवणारे आपल्या सोयीचा वर्ग लिहीत आणि व्हर्ना तो खोडून टाकी. तिच्याशी गोड बोलणारा माणूस विरळाच.

त्या मार्चमध्ये ऑर्व्हल मोझरची खोकी आली. जिन्याला, स्वयंपाकघराच्या दाराला लावायची लाकडी फाटकं तो बर्न गावाजवळच्या आपल्या छोट्या कारखान्यात बनवी. खोकी ही भलीमोठी, उचलायला गेलं तर वजनच लागेना. व्हर्नानं वर्ग चांगलाच वर नेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन.

"बाई, मी लाकूड पाठवतोय, कापूस नाही!"

"लाकूड थोडंच आहे, मोझर. बाकी सगळी हवा. अन् हवासुद्धा ट्रकमध्ये जागा घेते."

"मग काय, सुटे भाग पाठवू? माझी फाटकं तान्ह्या पोरांसाठी नाहीत हो. घरात भान हरपलेलं माणूस असतं आणि सांभाळणारंही म्हातारं. त्यांनी पेचकस घेऊन बसायचं?"

व्हर्नाच्या आईचंही असंच भान हरपलेलं. तिच्यासाठी आलेलं फाटक सुट्या भागांचंच होतं. वडिलांची बोटं संधिवातानं वाकलेली. "रविवारी तू आलीस की लावू," ते म्हणाले होते. शनिवारीच आई जिन्यावरून पडली. जीव वाचला, चालणं मात्र गेलं.

"वर्ग आहे तोच राहील," ती शेवटी म्हणाली. "पण मी तुमच्याकडे येऊन बघू का?"

"या. तुम्हाला नाही म्हणून काय उपयोग आहे?"

कारखान्यात तिनं फाटक आडवं टाकून पाहिलं. भिंतीला टेकायच्या दोन फळ्या चौकटीला काटकोनात ठोकल्या होत्या. खोकं फुगत होतं ते त्यांच्यापायी.

"यांना बिजागरी लावली तर मिटता येतील?"

"बिजागरी ढिली पडते. म्हातारं माणूस अख्खं अंग टाकतं फाटकावर." तरी त्यानं करून पाहिलं. पहिल्या फाटकावर स्वतः रेलला, तर फाटकासकट जमिनीवर! दोघंही पोट धरून हसली. मग फळ्या उघडल्या की आपोआप बसणारी लोखंडी खिट्टी त्याच्या मनासारखी व्हायला उन्हाळा उजाडला.

नवी खोकी आली तेव्हा व्हर्नानं ती तितक्याच कठोरपणे मोजली. वर्ग उतरला, पण मोझरच्या अपेक्षेइतका नाही. तो फोनवर थोडा कुरकुरला, मग म्हणाला, "एक तुमच्या घरी पाठवू?"

"नको. आई आता चाकाच्या खुर्चीत असते."

मोझरनं लगेच विचारलं, "पुढच्या दाराला पायऱ्या आहेत?"

"आहेत की. म्हणून तर ती घरातच असते."

त्या शनिवारी तो फळ्या घेऊन हजर. वडिलांनी हॅमचे सँडविच केले, दुपारपर्यंत पायऱ्यांवर उतार तयार झाला. व्हर्नानं खुर्ची हळूच खाली नेली. मेपलच्या सावलीत बसून आई बराच वेळ रस्ता बघत राहिली. मग मोझरकडे वळून म्हणाली, "तुमचं घर छान आहे हो."

"या ना कधीही," मोझर म्हणाला आणि हत्यारं गोळा करू लागला.