मधली कमान

दूधगंगेवरच्या त्या दगडी पुलाला सात कमानी होत्या. मला हे नेमकं ठाऊक आहे, कारण मी त्या भांडता भांडता मोजल्या होत्या.

आमचं गाव नदीच्या अलीकडे, कोल्हापूर संस्थानात. थोरल्या बहिणीचं, अक्काचं, सासर पलीकडे, मुंबई इलाख्यात. देश स्वतंत्र झाला होता, पण संस्थान अजून विलीन व्हायचं होतं. आमच्या टोकाला जकात नाका होता आणि पलीकडचे पाव्हणे आम्हाला ‘संस्थानी’ म्हणून चिडवत. मी कोल्हापुरात शाळेत शिकवायची. चार बुकं शिकलेली आणि राग कायम नाकावर.

त्या वर्षी आईनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हात टेकले. तिला एकच ध्यास होता, अक्काला एकदा डोळे भरून बघायचं. अक्काला आठवा महिना, आणि पोटुशी बाईनं नदी ओलांडायची नाही हा तिच्या सासरचा नेम. मी जाऊन सांगितलं, “पुलावरनं यायचंय, पाण्यातनं न्हवं!”

“पुलाखाली पाणीच हाय की!” अक्काची सासू म्हणाली.

शेवटी मामानं तोड काढली. निम्म्यापर्यंत येणं म्हणजे काही नदी ओलांडणं नव्हे. आईला बैलगाडीतून पुलाच्या मध्यावर न्यायचं, अक्कानं तिकडून तिथवर यायचं. सासूलाही ते पटलं.

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही पुलावर आलो. तिसरी कमान संपली तशी मामानं गाडी थांबवली. समोर, त्यांच्या बाजूच्या तीन कमानी संपवून, सासू अक्काचा दंड धरून उभी होती. मधली चौथी कमान मोकळीच.

“आमचं निम्मं झालं,” सासू ओरडली. “आता फुडं न्हाय.”

माझं डोकं फिरलं. मामा गाडी पुढं घेत होता, मी त्याला अडवलं. मरणाला टेकलेल्या बाईला आम्ही इथवर आणायचं आणि यांना चार पावलं जड? मी गाडीपुढं उभी राहून बोट नाचवत कमानी मोजायला लागले. सासूही मोजायला लागली. बैल बिथरले, मामा त्यांच्या तोंडाशी धावला. किती वेळ आम्ही ओरडत होतो कोण जाणे. शेवटी मामाच माझ्यावर खेकसला, “सर बाजूला!” आणि त्यानं गाडी हाकली.

अक्का गाडीला बिलगली तेव्हा आईला ग्लानी आली होती. अक्कानं तिचा हात हातात घेतला, हाका मारल्या. आईनं डोळे उघडले नाहीत. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढं संस्थान विलीन झालं, नाका उठला. मग भाषावार राज्यं झाली आणि अक्काचं गाव म्हैसूर राज्यात गेलं. सीमेच्या नावानं सगळे बोटं मोडत होते. मला कुठल्या तोंडानं बोलता येणार होतं?

अक्का माहेरी यायची तेव्हा मी तिला आणायला जायची. एसटी पुलावर आली की ती खिडकीबाहेर बघत दर वेळी तेच विचारायची.

“तवा आई गाडीत उठून बसली हुती. माझ्याकडं बघून कायतरी सांगत हुती. मला नुसते व्हट दिसले, तुझाच आवाज येत हुता. तू तर तिच्याजवळ हुतीस. काय म्हणाली गं ती?”

मी तिच्याजवळच होते. पण मलाही माझाच आवाज येत होता.